शिशाचा एप्रन

१४ मार्च, दुपार

लाडक्या ताई,

नमस्कार मागाहून, आधी घट्ट मिठी. आम्ही सुखरूप आहोत. काल रात्री एकदाचा फोन लागला, तर आपण दोघी नुसत्याच रडलो, बोलणं झालंच नाही. म्हणून सविस्तर लिहितेय.

शेजारच्या देशाशी जुंपणार, असं आठवडाभर ऐकत होतोच. तरी दवाखाना उघडा होता. दुखरी दाढ काही तह होण्याची वाट बघत नाही. काल खुर्चीत एक निवृत्त न्यायाधीश होते, दाढ अर्धी कोरलेली. तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले: अण्वस्त्र येत आहे, मिळेल तिथे आडोसा घ्या, हा सराव नाही.

जिन्यात पळापळ, कुणीतरी मुलाला हाका मारत होतं. एक्स-रेच्या खोलीला खिडकी नाही, म्हणून न्यायाधीश, मदतनीस बाई आणि मी तिथे शिरलो. न्यायाधीशांचं तोंड बधिर. बोबड्या आवाजात म्हणाले, "डॉक्टरीणबाई, दाढ भरून टाका. निकाल लागेपर्यंत कामकाज चालू राहू दे."

मी हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले.

मग मी काय केलं माहितीये? भिंतीवरचा शिशाचा एप्रन ओढला. एक्स-रेचे किरण अडवायला तो पेशंटला घालायचा असतो. मी तो स्वतःच्याच पोटावर घट्ट धरला. अणुबॉम्बपुढे त्याचा काय पाड लागणार, हे मला कळतं गं. पण हात सुटेनात.

बाई बघत राहिल्या. "अगं बाई! कितवा महिना?"

"तिसरा."

हो, ताई. दोनदा तुला गोड बातमी कळवली आणि दोनदा रडत मागे घेतली. दुसऱ्या वेळी तू विणलेलं टोपडं माझ्या नजरेआड कपाटात सारलंस, तेही मला ठाऊक आहे. म्हणून या वेळी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही शपथ घातली होती.

बाईंनी मला जवळ घेतलं. न्यायाधीशांनी आपला कोट माझ्या पायांवर पांघरला. काही वेळाने फोन पुन्हा वाजले: चुकीचा इशारा, धोका नाही. सरावाचा संदेश कुणीतरी खरा म्हणून पाठवला म्हणे! बोट कुणाचं घसरलं आणि जीव टांगणीला आमचा. खरीखुरी बटणं अजून तशीच आहेत, हे काही मी विसरलेले नाही. पण काल जो श्वास सोडला ना, तसा जन्मात सोडला नव्हता.

नवरा धावत आला, एका पायात बूट, दुसरा मोकळाच. सगळ्यांदेखत माझ्या पोटावर हात ठेवून उभा राहिला. न्यायाधीश खोकले. "आता माझी दाढ?" भरली.

आज सकाळी तपासून आले. ठोके ऐकले, घोड्यासारखे पळताहेत. पुढचं कुणाला माहीत? पण त्या खोलीत एकच रुखरुख होती, ताईला माहीतच नाही.

आईला तूच सांग. आणि रविवारी ये.

तुझी,
घरात फार दिवस धाकटी न राहणारी
धाकटी