उघडून न पाहिलेली सीडी

बाबा, आज ऑफिसात एका सहकाऱ्याने माझ्या कामाचं श्रेय तुम्हाला दिलं आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलंय. मोहालीतल्या आमच्या ऑफिसात आम्ही रुग्णालयांच्या नोंदी सांभाळतो. सकाळी कुणाच्या तरी हातून केमोच्या रुग्णांचे डोस पुसले गेले. वॉर्डातून फोनवर फोन. मॅनेजर म्हणाले, "टेन्शन नहीं जी, बॅकअप तो है." मी म्हटलं, "है, वो मत बताइए. खुलता है?" उघडला, कारण दर महिन्याला मी तो दुसऱ्या मशीनवर उतरवून नोंदी वाचायला लावते. सगळे कुरकुरतात, मी ऐकत नाही. दुपारपर्यंत सगळे डोस जागेवर आले. तेव्हा तो सहकारी म्हणाला, "मॅम जी, पापा फौज में थे ना? उन्हीं का डिसिप्लिन है."

तुमचं डिसिप्लिन! आठवतं, मी शाळेत होते? चंडीगढच्या त्या क्वार्टरमध्ये पोस्टिंगची ऑर्डर आलीय, काळ्या ट्रंकांवर तुम्ही पांढऱ्या रंगाने नंबर घालताय. आईला जाऊन वर्षही झालेलं नाही. मी मराठी विसरत चालले म्हणून आजारपणात तिने कॉम्प्युटरवर माझ्यासाठी गोष्टी बोलून ठेवल्या होत्या, मध्येच खोकायची, पाणी प्यायची, "कुठे होतो गं आपण?" म्हणायची. कॉम्प्युटर शेजारच्यांना द्यायचा ठरला, तुम्ही गोष्टी सीडीवर घेतल्या. मी दारात उभी. "पापा, एक बार चला के देख लें?" "घेतलंय म्हटलं ना? मराठीत बोल, आणि ट्रंक भर." मग तुम्ही कॉम्प्युटर पुसून साफ केलात. मागे काही ठेवायचं नाही, हा तुमचा नियम.

नव्या गावात सीडी लावली तर गोष्टी नव्हत्याच. तुम्ही स्क्रीनवरची नुसती चित्रं, शॉर्टकट, उचलून सीडीवर टाकली होतीत; खरा आवाज पुसलेल्या कॉम्प्युटरबरोबर गेला. दारावरची पाटी ट्रंकेत घातली आणि घर मागे राहिलं, तसं. चूक कुणाचीही होते, बाबा. पण उघडून बघायला काय झालं होतं? मुलीने विचारलं म्हणून कमीपणा वाटला? मी जेवले नाही तर म्हणालात, "गेलं ते गेलं. रडून परत येणार आहे का?" पुढे मरेपर्यंत तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला आईचा चेहरा आठवतो, हात आठवतात. आवाज आठवत नाही. त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. आजचे डोस तुमच्यामुळे परत आले नाहीत, तुमच्यावरच्या रागामुळे आले.

हे कुठे पाठवायचं नाहीच, तर एक सांगून टाकते. तुमचा एक व्हॉइस मेसेज माझ्याकडे आहे, शेवटच्या वर्षातला: "गाडीचा इन्शुरन्स भरलास का? फोन उचलत जा. धुक्यात हायवेला गाडी घालू नकोस." बाकी काही नाही, नेहमीची खेकसाखेकस. तो फोनमध्ये आहे, घरच्या डिस्कवर आहे, आणखी एका ठिकाणी आहे. दर महिन्याला ऑफिसचं काम झालं की मी तोही उघडून तपासते. तपासायला पहिला शब्द पुरतो. मी शेवटपर्यंत ऐकते.