कोपरावरचं हेल्मेट

३ जानेवारी २००५

पुन्हा तेच! मी घेऊन दिलेलं हेल्मेट बापूरावांनी मंडईतून येताना कोपराला अडकवलं होतं. त्यात अर्धा किलो मटार. नवऱ्याचं डोकं उघडं, मटार सुरक्षित.

"पोलीस दिसला की घालतो ना!" वय वर्षं एकोणसत्तर.

८ जानेवारी

सोसायटीच्या हॉलमध्ये हेल्मेटसक्तीविरोधी सभा. अध्यक्ष कोण? आमचे हे! बोलणाऱ्याच्या अगदी तोंडासमोर खुर्ची ओढून बसले. शेजारचे रंगराव म्हणाले, "मान आखडते." कुणी म्हणालं, "केस गळतात." ज्यांना केस उरलेत त्यांनी तरी बोलावं! शेवटी अध्यक्ष उठले. "मागून येणारं वाहन ऐकू येत नाही. रस्त्यावर माझा जीव माझ्या कानांवर आहे." टाळ्या.

मी मागच्या रांगेतून विचारलं, "आणि डोकं कशावर आहे?" हॉल हसला. बापूरावांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

१० जानेवारी

आमची उत्कर्षा हिंजवडीला निघाली. ओढणी अशी गुंडाळते की नुसते डोळे दिसतात. म्हटलं, हेल्मेट?

"आई, स्कार्फवर बसतच नाही गं ते. आणि बाबा तरी कुठे घालतात?"

कातडी सांभाळायची, कवटी नाही. सॉफ्टवेअर लिहिते म्हणे!

१४ जानेवारी

प्रेमलाला तिळगूळ देऊन आले. बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर असायची. चौकात स्कूटरवरून पडली तेव्हा वेग काहीच नव्हता. डोकं तेवढं दुभाजकावर आपटलं. आज स्वतःच्या मुलाला विचारत होती, "आपण कोण?"

घरी येऊन ओट्याशी कणीक मळता मळता सगळं बापूरावांना सांगितलं. उद्या तुम्ही मला असं विचाराल, म्हटलं. रडलेसुद्धा. वळून बघते तर हे शांतपणे पेपर वाचताहेत!

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या – ऐकून न ऐकल्यासारखं करणं हेही खोटं बोलणंच. या घराचं काही होणार नाही.

१५ जानेवारी

चहा बंद. हेल्मेट डोक्यावर दिसेपर्यंत.

१८ जानेवारी

घातलं! पट्टासुद्धा लावला. चेहरा फाशी जाणाऱ्यासारखा. असू दे. चहा दिला.

२० जानेवारी

कर्वेनगरहून स्कूटर ढकलत, पायी आले. उजवा आरसा तुटलेला. हेल्मेट अजून डोक्यावर. बस अगदी घासून गेली. "कळलीच नाही गं मला."

"हॉर्न दिला असेल की! आणि आरसे काय भांग पाडायला असतात?"

किल्ली टेबलावर ठेवली. "विकून टाक."

कोपऱ्यावर दूध आणायलाही ज्यांना स्कूटर लागते, ते म्हणे विकून टाक! नाटकं नुसती. हेल्मेट घालायला लावलं त्याचा सूड.

२३ जानेवारी

किल्ली तिथेच. हे गॅलरीत.

२४ जानेवारी

"बस ऐकूच आली नसेल त्यांना," म्हणत उत्कर्षाने रजा काढून त्यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मीही गेले, भांडायच्या तयारीनेच.

डॉक्टर म्हणाले, "काकू, उजवा कान केव्हाच गेलाय. डाव्यात थोडं उरलंय, तेही हेल्मेटमध्ये बंद होत असणार. काका समोरच्याचे ओठ बघून निभावून नेतात. मशीन लावून बघू, पण फार आशा ठेवू नका. आणि स्कूटर आता नको."

सभा घेतल्या, सह्या गोळा केल्या, अध्यक्ष झाले – पण बायकोला सांगितलं नाही! रिक्षात विचारलं, का?

"तू हसली असतीस."

हसले असते.

२५ जानेवारी

सकाळी सवयीने ओट्याशी पाठमोरीच एक टोमणा मारला. मग गॅस बंद केला, त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. प्रेमलाचं सगळं पुन्हा सांगायचं होतं. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले.

माझं तोंडच उघडेना.