नात्याचा रकाना

रविवार, २ जून

ती. बाबा,

साष्टांग नमस्कार. मी खुशाल आहे. तुम्ही दोघंही बरे असाल असं धरून चालतो, कारण तसं नसतं तर आईने एव्हाना फोनवर रडून कळवलं असतं. तुमच्याशी फोनवर बोलता येत नाही, म्हणून हा कागद.

खोली ठीक आहे. एक खिडकी, एक खाट, आणि भिंतीपलीकडे एक शिंपी. तो सहा दिवस मशीन चालवतो आणि रविवारी गातो. मशीन परवडलं. बाटल्या भरायच्या कारखान्यात लागून मला आता सात महिने होतील. पट्ट्यावरून रिकाम्या बाटल्या येतात, त्या दिव्यासमोर बघायच्या आणि तडा गेलेली बाजूला काढायची, एवढंच काम. काचेवर काच आपटण्याचा आवाज दिवसभर. पहिला महिना तर घरी येऊनही कानात बाटल्या वाजायच्या. आता सवय झाली. तुमच्या पत्रे ठोकायच्या कारखान्याची आठवण होते असं लिहिणार होतो, पण राहू दे.

मुद्द्यावर येतो. कॉलेजातून मार्गदर्शक बाईंचं पत्र आलंय. मधेच सोडून गेलेल्यांना यंदा परत घेणार आहेत. आराखडा नव्याने द्यायचा, तीन शिक्षकांच्या समितीसमोर पुन्हा उभं राहायचं. तीस तारखेच्या आत फॉर्म पोचला पाहिजे. माझी ती आंतरविद्याशाखीय पदवी आठवत असेलच. वेगवेगळ्या शाखांतले विषय आपणच निवडायचे आणि ते एकत्र का, हे आपणच पटवून द्यायचं. आई शेजारणींना सांगायची, ‘तो सगळंच शिकतोय.’ तुम्ही एकदा विचारलं होतंत, ‘सगळं शिकणारा शेवटी होतो कोण?’ त्यावर मी दार आपटलं होतं. कडी अजून वाकडीच आहे का?

फॉर्म सोबत आहे. मी सगळं भरलंय. ‘शिक्षण सोडण्याचे कारण’ यापुढे ‘घरगुती अडचण’ लिहिलंय, सगळे तेच लिहितात. तुमची सही हवी आणि सहीशेजारी नात्याचा रकाना आहे, तिथे ‘वडील’ मीच लिहून टाकलंय, तुम्हाला तसदी नको. फुलीची खूण केली आहे, तिथे सही करा आणि उलट टपाली पाठवा.

आईला नमस्कार. तिला सांगा, जेवतो.

आपला मुलगा


मंगळवार, ११ जून

बाबा,

फॉर्म मिळाला. सही नाही. ‘घरगुती अडचण’ वर पेन्सिलीने एक सरळ रेघ आणि बाजूला तुमचं अक्षर : ‘घरात अडचण नव्हती.’

बरोबर आहे, नव्हती. पण कॉलेजला काय पडलंय? तो कारकून असले शंभर फॉर्म गठ्ठ्यात बांधतो, एकही वाचत नाही. माझं एक वर्ष तुमच्या एका सहीवर अडलंय आणि तुम्ही माझं शुद्धलेखन तपासल्यासारखी रेघ मारता? पत्र वाचलं तेव्हा फॉर्म फाडणार होतो. अर्धा फाडलाही. मग पट्टी लावून चिकटवला.

ठीक. खरं कारण हवं ना? घ्या. एक मुलगी होती.

पहिल्या वर्षी पहिल्याच आठवड्यात तिने माझ्याकडे पेन मागितलं आणि परत दिलं नाही. त्यानंतर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी जे तीन विषय एकत्र केले, ध्वनीचं भौतिकशास्त्र, भाषाशास्त्र आणि श्रमाचं समाजशास्त्र, त्यातला पहिला माझा होता. बाकीचे दोन तिचं वेळापत्रक बघून घेतले. तिचा तास तिथे माझा तास. सगळे म्हणायचे, काय धाडसी निवड आहे! धाडस कसलं, मला तिच्या मागच्या बाकावर बसायचं होतं. पुढे तिने माझ्याशी बोलणं तोडलं. मी आराखडा बाईंच्या टेबलावर फाडला, ‘तुमची पदवी तुम्हालाच लखलाभ’ म्हणालो आणि निघालो. घरी सांगितलं की या पदवीला बाजारात किंमत नाही.

झालं समाधान? नवा कोरा फॉर्म जोडलाय. कारणापुढे ‘वैयक्तिक’ लिहिलंय. यात खोटं काही नाही. आता तरी सही करा.

आगपेटी
(हे नाव तुम्हीच ठेवलंय, तेव्हा निदान यावर रेघ मारू नका.)


बुधवार, १९ जून

बाबा,

दुसरा फॉर्मही परत आला. सही नाही, रेघही नाही. मागच्या बाजूला दोन शब्द : ‘सावकाश लिही.’

तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. रागाला मला उत्तर देता येतं. या दोन शब्दांना देता येईना. चार दिवस कागद खिशात घेऊन फिरलो. आज सुट्टी घेतली आहे. सकाळचे नऊ वाजलेत, शिंप्याचं मशीन सुरू झालंय. सावकाश लिहितो.

आमच्या पट्ट्यावर एक जुना कामगार आहे. सगळे त्याला मिशी म्हणतात, आणि त्याला मिशी नाही. पूर्वी झुपकेदार होती, ओठ झाकणारी. बाकीच्यांनी मुकादमाकडे तक्रार केली की याचं बोलणं दिसत नाही, तेव्हा ती गेली आणि नाव उरलं. हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी नुसता हसलो. ‘दिसत नाही’ या शब्दाकडे लक्षच गेलं नाही.

एप्रिलमध्ये एकदा त्याने माझ्या हातून सुटलेली तडकलेली बाटली पकडली आणि मुकादमाला दाखवली. माझं डोकं फिरलं. तो पट्ट्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मध्ये तो गोंगाट. मी मान वर करून माझ्याशीच एक शिवी पुटपुटलो. जेवणाच्या सुट्टीत तो डबा घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला.

“मला काय म्हणायचं ते म्हण,” तो म्हणाला, “माझ्या आईला मध्ये आणू नकोस. ती गरीब बाई होती.”

“तुम्हाला ऐकू आलं?”

“ऐकायला कान आहेत कुणाकडे इथे? अठरा वर्षं झाली पट्ट्यावर. त्या काचेच्या केबिनमध्ये साहेब बायकोला फोनवर काय काय कबूल करतो, तेही सांगू का?” आणि मग घास चावत, सहज, “पट्ट्यावरचा असो नाहीतर पत्रे ठोकणारा असो, जुन्या माणसासमोर तोंड सांभाळून उघडावं.”

पत्रे ठोकणारा. त्या दुपारी माझ्या डोळ्यांसमोरून तीन तडकलेल्या बाटल्या पुढे गेल्या. मिशीने तिन्ही काढल्या आणि यावेळी कोणाला दाखवल्या नाहीत.

बाबा, पत्र्यांच्या आवाजात तुमचे कान गेले, तरी मला वाटायचं आम्ही ओरडून बोलतो म्हणून तुम्हाला कळतं. लहानपणापासून घसा फोडला. तुम्ही आणि आई खोलीच्या दोन टोकांना बसून आवाज न करता ओठ हलवायचात, तेव्हा मला वाटायचं, हे दोघं अबोला धरूनही भांडतात. तुम्ही कधी सांगितलं नाहीत की तुम्ही ओठ वाचता, आमच्या ओरडण्याचा उपयोग शून्य आहे. कदाचित सांगितलं असेल. मी ऐकलं नसेल.

आता त्या दिवसाबद्दल लिहितो. आधीच्या दोन पत्रांत मी त्याला वळसा घातला.

आराखडे मांडायचा दिवस. पालकांना बोलावलं होतं. तुम्ही रजा टाकून आलात, इस्त्रीचा शर्ट, गळ्याचंही बटण लावलेलं, आणि पहिल्याच रांगेत बसलात. बाईंनी मला विचारलं, “या तीन विषयांना बांधणारा धागा कोणता?” धागा तिसऱ्या रांगेत वेणी पुढे घेऊन बसला होता, तो काय सांगणार? मी बोलेना हे बघून तुम्ही शेजारच्या माणसाला विचारलंत, “काय विचारलं त्याला?” तुम्हाला वाटलं हळू विचारलंत. सगळं सभागृह हसलं. बाईंनी पंधरा मिनिटांची सुट्टी दिली.

बाहेर, काचेच्या दाराशी, तिने मला विचारलं, “ते पुढे बसलेले कोण? तुझे बाबा?”

मी म्हणालो, “छे! शेजारचे काका आहेत ते. बाबांना रजा नाही मिळाली.”

माझं तोंड काचेकडे होतं. तुम्ही आतून माझ्याकडे येत होतात, हातात माझ्यासाठी पाण्याची बाटली. मधेच थांबलात. तुम्ही थांबलात हे मी पाहिलं होतं. मला वाटलं, चष्मा विसरलात म्हणून मला शोधताय.

दहा मिनिटांनी ती बाटली तिने मला आणून दिली. म्हणाली, “तुझे शेजारचे काका निघाले.” मला हायसं वाटलं. बाबा, खरं सांगतो, हायसं वाटलं. संध्याकाळी आईने विचारलं तर तुम्ही म्हणालात, “छान बोलला.”

तीन आठवड्यांनी तुम्ही उत्पन्नाचा दाखला द्यायला कॉलेजच्या खिडकीवर गेलात. कारकुनाने कागदावर लिहून विचारलं, विद्यार्थ्याचे कोण? तुम्ही मोठ्याने म्हणालात, “वडील.” ती रांगेत तुमच्या मागे उभी होती. त्या दिवशी तिने मला एवढंच म्हटलं, “आज बापाला शेजारी केलंस. उद्या मला कोण करशील?” त्यावर मी आरडाओरडा केला, आराखडा फाडला, कॉलेज सोडलं. मागच्या पत्रात लिहिलं की एक मुलगी होती. मुलगी होती हे खरं. पण सोडलं ते तिच्यामुळे नाही.

मिशीच्या त्या डब्यानंतर मी तिला एकच ओळ लिहिली. त्या दिवशी ‘शेजारचे काका’ हे शब्द तुझे होते की त्यांचे? तिचं उत्तर मे महिन्यात आलं. प्रेमाबिमाचं काही नाही, दोन ओळी. “त्यांचे. ते म्हणाले, त्याला सांगा शेजारचे काका निघाले, आणि पाणी पी म्हणावं, घसा कोरडा पडलाय त्याचा.”

म्हणजे पहिलं पत्र लिहिलं तेव्हा मला हे सगळं माहीत होतं. माहीत असून मी लिहिलं ‘घरगुती अडचण’. आणि नात्याच्या रकान्यात ‘वडील’ मीच लिहून टाकलं, वर म्हणालो, तुम्हाला तसदी नको.

आणखी एक गोष्ट इथे बसून कळली. त्या दिवसापासून तुम्ही माझ्या तोंडाकडे बघणं सोडलंत. मी बोलायला लागलो की तुम्ही ताटाकडे बघायचात, वर्तमानपत्राकडे, बुटाच्या नाडीकडे. मला वाटलं कान पूर्णच गेले. म्हणून मी आणखी ओरडायचो. तुम्ही कान नाही, डोळे मिटून घेतले होते. एकदा दुखलं तेवढं पुरे, आणखी काही दिसायला नको, म्हणून ना?

आराखडा पुन्हा लिहिलाय. गंमत बघा, विषय तेच तीन ठेवलेत. ध्वनी, भाषा, श्रम. यंत्रांच्या आवाजात कान जातात तिथे माणसं एकमेकांशी कसं बोलतात, एवढं एकच मला शिकायचंय. डोक्यावर हात फिरवला की टकलू साहेब आला, दोन बोटं मनगटावर म्हणजे घरी जायची वेळ, हे आमच्याकडचं. तुमच्या कारखान्यातलं तुम्हाला माहीत. ते कोणी लिहून ठेवलेलं नाही. बाईंनी विचारलेला धागा त्या दिवशी पहिल्या रांगेत गळ्याचं बटण लावून बसला होता आणि मी तिसऱ्या रांगेत शोधत होतो. पण हे सगळं समितीपुढे मांडायचं तर आधी तुम्हाला विचारायला हवं. तुमच्या जखमेवर माझी पदवी उभी राहणार असेल आणि ते तुम्हाला नको असेल, तर नको. मी पट्ट्यावर राहीन. काम वाईट नाही, माणसं चांगली आहेत. तुम्ही हो म्हणालात तर पहिले शिक्षक तुम्ही.

तिसरा फॉर्म सोबत आहे. कारणाच्या जागी दोनच ओळी मावतात, मी एक लिहिली आहे : ‘मी वडिलांना ओळख दिली नाही, आणि नंतर तोंड दाखवायची लाज वाटली.’ कारकुनाने वाचलं तर वाचू दे.

रविवारी सकाळी दहाला मी आपल्या खिडकीसमोर, रस्त्यापलीकडे, चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानापाशी उभा असेन. वर येणार नाही, दार वाजवणार नाही, ओरडणार तर मुळीच नाही. मला जे म्हणायचंय ते तिथूनच म्हणेन, आवाज न करता. रोज बाटल्या बघत सराव केलाय, मिशी म्हणाला आता नीट दिसतं. तुम्ही खिडकीत आलात तर फक्त माझ्या तोंडाकडे बघा. नाही आलात तर अकराच्या गाडीने परत फिरेन, आणि तुमच्यावर रागावणार नाही. हे आगपेटीचं बोलणं आहे, पण खरं आहे.

आईला यातलं काही सांगू नका. किंवा सांगा. तिला तुमच्या ओठांवरून आधीच कळलं असेल.

सहीची जागा कोरी आहे. शेजारचा नात्याचा रकाना यावेळी मी भरलेला नाही. तिथे काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, जे लिहाल ते मला मान्य आहे. म्हणून या पत्राखाली मीही तुमचा कोण ते लिहीत नाही. तुमचा रकाना भरला की माझा भरेल.

रस्त्यापलीकडे उभा,
मी