रिझर्व्हवरची स्कूटर

भावजी,

स्कूटर पुलापलीकडच्या पंक्चरवाल्याकडे सोडून आलेय. किल्ली त्याच्याकडेच आहे. तिथून पंप दीड किलोमीटर आहे, ढकलत न्या.

पेट्रोल महागलंय हे मलाही कळतं. दर वाढल्यापासून मी बाजारसुद्धा चालत करते. पण पेट्रोल संपत आलं की निदान पंप गाठता यावा म्हणून रिझर्व्ह असतं ना? ते काल तुम्ही फिरून संपवत आणलंत, गाडी गुपचूप दारात लावलीत आणि घरात कोणाला एका शब्दाने बोलला नाहीत. सकाळी अण्णांना डोळ्याच्या तपासणीला घेऊन निघाले, तर पुलाच्या भर चढावर गाडी बंद. रिझर्व्हला टाकायला गेले, तर पेट्रोलचा कॉक आधीच रिझर्व्हवर!

अण्णांच्या ऑपरेशनला चारच दिवस झालेत. जोर लावायचा नाही, वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी दहादा बजावलंय. मी ओरडतेय आणि तुमचे वडील काळा चष्मा लावून मागून गाडी ढकलतायत. पूल संपेपर्यंत ऐकलं नाही त्यांनी.

पेट्रोलला पैसे नसतील तर तोंडाने सांगा ना. वहिनी आहे मी, खाणार नाही तुम्हाला.

दुपारपासून अण्णांचा डोळा लालभडक झालाय, पाणी थांबत नाही. रिक्षाने पुन्हा दवाखान्यात चाललोय. जेवण झाकून ठेवलंय.

ढकलल्याचं तुम्हाला सांगायचं नाही, अशी अण्णांनी मला शपथ घातलीय. म्हणतात, त्याच्या मनाला लागेल.

लागू दे.

वहिनी