सातव्या स्पीकरातली हाक

प्रिय दिसा,

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव नाही आणि शिक्का कुठल्या गावचा आहे तो बघू नकोस; मी तिथे राहत नाही. नऊ दिवस झाले, पावाचं दुकान सोडून, तुलाही न सांगता निघून आले. तू रागावली असशील. आधी रागावून घे, मग वाच.

मेट्रोच्या त्या लांबलचक बोगद्यात ऐकवण्यासाठी तू लोकांचे घरचे आवाज गोळा करत होतीस, तेव्हा मी तुला तीनदा नाही म्हटलं होतं. तू वेलदोड्याचा पाव खात काउंटरला चिकटून उभी होतीस. "अगं, गाणं नको, नुसती एक हाक दे. स्टॉकहोममध्ये धावत गाडी पकडणाऱ्या माणसांना कुणाचा आवाज ओळखता येतोय?" मग मागच्या खोलीत, मैद्याच्या पोत्यांमध्ये उभी राहून मी आजीची हाक दिली, उन्हाळ्यात डोंगरावरून गाईंना परत बोलावायची ती. आमच्याकडे प्रत्येक घराची हाक वेगळी असते, दुसऱ्या घरच्या हाकेला गाय मान वर करून बघतसुद्धा नाही. ऑक्टोबरात ती सातव्या स्पीकरातून, सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी वाजायला लागली. कातळाला घासून परत येताना ती माझ्यापेक्षा आजीचीच वाटायची. माणसं चालता चालता सावकाश व्हायची. मला फार बरं वाटलं होतं गं. मग रेडिओवर तुझी मुलाखत झाली आणि त्यांनी माझीच हाक ऐकवली. मी मैत्रिणींना फुकट कॉफी पाजली.

माझ्या एब्बाचे वडील समुद्रात बुडून गेले, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं. ते जिवंत आहेत, त्यांचं नाव तोरे. आठ वर्षं रोज संध्याकाळी त्यांनी अंगणात बसून माझी ती हाक ऐकली आहे. माझं डावं मनगट वाकडं का, हे तू एकदा विचारलंस आणि मी बर्फावर घसरल्याचं सांगितलं, तेही खोटं. तीन वर्षांपूर्वी झोपलेल्या एब्बाला ब्लँकेटात गुंडाळून मी घर सोडलं. नाव बदललं, केस कापले. आवाज बदलायचा असतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्या मंगळवारी एब्बाला शाळेतून घेऊन जिन्याने खाली येत होते. अर्ध्यावर मला पाठ दिसली. टोपी हातात घेऊन, देवळात उभं राहावं तसा माणूस स्पीकरखाली उभा होता. पाठीवरून माणूस ओळखू येतो, दिसा. मी ती पाठ वळायची वाट बघत किती वर्षं काढली आहेत. जिना आम्हाला खाली खाली नेत होता. तेवढ्यात हाक सुरू झाली आणि एब्बा मोठ्याने म्हणाली, "आई, तू!" मी तिचं तोंड दाबलं, तिला काखोटीला मारलं आणि उलटी वर धावत सुटले. एक आजोबा करवादले, "बाई, वर जायचा जिना पलीकडे आहे." तोरे मागे वळले नाहीत. माझाच आवाज त्यांच्या कानात इतका भरला होता, की त्यांना माझी मुलगी ऐकू आली नाही.

घरी पोचले तर तुझा फोन. तू किती आनंदात होतीस. "अगं, एक माणूस रोज तुझ्या हाकेखाली उभा राहून रडतो. बायको हरवलीय म्हणतो बिचारा. माझा नंबर दिलाय मी त्याला. भेटशील?" मी हो म्हटलं, उद्या, असं म्हटलं. फोन ठेवला आणि एब्बाचे बूट शोधायला लागले. नाडी तिनेच बांधली.

इथे दाराला दोन कुलपं आहेत आणि दोन्ही मी रात्रीत चारदा तपासते. जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं की एब्बा आपणहून टेबलाखाली जाते. मी तिला शिकवलेलं नाही. अंगणातून तिला बोलवायचं तर मी हाक मारत नाही, टाळी वाजवते.

आमच्यासारख्यांना आसरा देणाऱ्या ज्या बाईंनी आम्हाला इथे आणलं, त्यांनी तुला सगळं सांगितलंय असं कळलं. तू खूप रडलीस, आणि सोमवारी सातवा स्पीकर काढून टाकणार आहेस, हेही कळलं. त्यासाठीच हे पत्र. काढू नकोस. तो वाजतोय तोवर तोरे रोज तिथे येतील, टोपी काढून उभे राहतील, मी याच स्टेशनातून जाते असं समजून वाट बघतील. तो बंद झाला की ते शोधायला निघतील. जमलं तर उन्हाळ्यात तुझं प्रदर्शन संपल्यावरही तो राहू दे. आणि आवाज थोडा वाढव.

तुझीच,
तू जिला आनिता म्हणायचीस ती