मिश्री आणि अर्धी गोळी

निगडी,
११ फेब्रुवारी १९७९

छबूवन्सं,

वर नमस्कार लिहायची पद्धत आहे. आज मनात नाही, म्हणून लिहीत नाही.

माझ्या गोळ्यांची बातमी कळताच तुम्ही पुनावळ्याहून आलात आणि शेजारणींसमोर म्हणालात, "डोक्याच्या गोळ्या हायेत त्या. सवय लागंल, माणूस पार बदलून जाईल." हे सांगताना तुमच्या बोटावर तंबाखूची मिश्री होती, सकाळपासूनची चौथी. माझी गोळी अर्धी आहे, वन्सं.

सहा महिने मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, तेव्हा तुम्ही माझी दृष्ट काढलीत आणि जेवून गेलात. डॉक्टरांनी काय होतंय ते तरी विचारलं. तोंडाला कोरड पडेल, सुरुवातीला जीव घाबरेल, हेही सांगितलं. बदलून जायची भीती मात्र तुम्ही घातलीत, आणि ती मनात बसली.

आज गोळ्यांचा बारावा दिवस. तुम्ही परत आलात, आणि तुमच्यासाठी चहा टाकताना मी चक्क गुणगुणत होते!

हे पत्र टाकणार नाही, गोळ्यांच्या डबीखाली ठेवते. उद्या तुम्ही मला खरंच आवडायला लागलात, तर काढून वाचेन, मी मूळची कोण होते ते.

अजून तरी तुमची नावडती भावजय,
मृदुला