तांदळाआधीचं नाव

आई, रविवारी सून येणार आहे आणि तिच्या हातात वंशवृक्षाचा एक मोठा कागद असणार आहे. त्यावर डावीकडे तिची माणसं, उजवीकडे आपली. बाळ यायला पाच आठवडे आहेत. मुलगी आहे, आणि सुनेने ठरवलंय की तिचं मधलं नाव तुझं ठेवायचं. सासरी मिळालेलं नव्हे, जन्माचं. तेव्हापासून मी तुझे जुने कागद उपसत बसलेय.

हौस माझीच होती. सुनेची खापरपणजी अमेरिकन, सूतगिरणीत काम करणारी. इथल्या, ग्लासगोच्या एका जहाजबांधणी कामगाराशी लग्न करून इकडे आली, एवढंच तिच्या घरी ठाऊक होतं. निवृत्त झाल्यावर मला काहीतरी उद्योग हवाच होता, मी त्या बाईच्या मागे लागले. जनगणनेची पानं, चर्चची रजिस्टरं, बोटीवरच्या प्रवाशांच्या याद्या. बाईने लग्नं दोन केली, आडनावं दोनदा बदलली, पण पहिलं नाव मरेपर्यंत तेच राहिलं. त्याचं बोट धरून मी थेट तिच्या आजीच्या बाप्तिस्म्यापर्यंत पोचले. सून रडलीच. मग तिने अगदी सहज विचारलं, की आता तुमच्या आईंचं सांगा. मी म्हटलं, बघून सांगते. स्वतःच्या आईचं नाव कुणी बघून सांगतं का?

तुला मी एकदा विचारलं होतं. चौथीत असेन, तू पोळ्या करत होतीस. लग्नात बाबांनी ताटातल्या तांदळात अंगठीने तुझं नवं नाव लिहिलं, ही गोष्ट मला फार आवडायची, म्हणून आधीचं कोणतं, असं विचारलं. "ते आता कुणाला लागत नाही," म्हणालीस आणि तव्यावरची पोळी उलटलीस. माहेरी तुला सगळे बेबीच म्हणायचे. कागदपत्रं सगळी सासरच्या नावाची. मामा गेला, मावश्या गेल्या. काल पुण्याला मावसभावाला फोन केला, तर तो म्हणतो, "अगं, बेबीमावशी हेच नाव नव्हतं का?"

आणि मग तुझ्या शेवटच्या आजारपणातला इथल्या हॉस्पिटलचा तो वॉर्ड आठवतो. तुझा तिथला तिसरा दिवस. नर्स तुझ्या उशाशी वाकून विचारतेय, तुम्हाला काय म्हणून हाक मारू. तू एक नाव सांगतेस, स्पष्ट, शाळेत हजेरी द्यावी तसं. मी घाईघाईने म्हणते, "सॉरी, शी इज कन्फ्यूज्ड," आणि पासपोर्टवरचं नाव सांगते. नर्स गेल्यावर तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तिने विचारलं तरी."

आज सकाळी कच्च्या कागदावर मी पेन्सिलीने एक जुन्या वळणाचं नाव लिहून पाहिलं. तुला शोभत होतं. सुनेला कधी कळलंही नसतं. मग माझीच मला भीती वाटली आणि मी ते खोडलं. रविवारी तिला सांगेन, की मला माहीत नाही. एवढंच सांगेन, पुढचं सांगवणार नाही. त्या नर्सने तरीही तू सांगितलेलंच नाव पलंगाच्या वरच्या पांढऱ्या पाटीवर लिहिलं होतं, मोठ्या अक्षरांत. मी ते वाचलं होतं, आई. आणि टिश्यूने मीच पुसलं. आता पहिलं अक्षरसुद्धा आठवत नाही.